मुंबईत एक, टोकियोत चौदा

सांगलीत आमचं हळद-मसाल्याचं दुकान आहे. ऑनलाइन विक्रीची वेबसाइट क्लाउडवर, म्हणजे एका कंपनीच्या भाड्यानं घेतलेल्या मशीनवर. महिन्याचं बिल दोन-अडीच हजार, कार्डावरून आपोआप जायचं, म्हणून तिकडे कोणी फिरकायचंही नाही. तिथेच माती खाल्ली.

ऐन दिवाळीत मेल आला : बिल थकलंय, आज खातं बंद होणार. लोगो हुबेहूब. पार्सलं बांधता बांधता, हळदीच्या हातानं मोबाइलवर लिंक उघडली आणि मुख्य खात्याचा, म्हणजे रूटचा पासवर्ड टाकला. लॉगिनला ओटीपीची दुसरी पायरी लावायचं वर्षभर 'नंतर बघू' म्हणत टाळलं होतं.

पाच हजारांवर बिल गेलं की मेल यावा अशी सोय होती. पण तो मेल काम सोडून गेलेल्या पोराकडे जायचा. त्यानंच तिसऱ्या दिवशी फोन केला, "दादा, साडेतीन लाख कसले?" (हा इशारा नुसता कळवतो, खर्च थांबवत नाही, हेही तेव्हाच कळलं.)

लगेच पासवर्ड बदलला. यादीत मशीन आमचं एकच. तरी आकडा चढतोय! पोरगा म्हणाला, "वर मुंबई लिहिलंय ना, ते बदलून बघा." यादी एकाच रीजनची, म्हणजे एका ठिकाणच्या मशिनांची होती. टोकियो निवडलं : चौदा मशिनं. साओ पावलो : नऊ. सगळी क्रिप्टोच्या खाणकामाला, म्हणजे गणितं सोडवून डिजिटल नाणी कमवायला जुंपलेली. बंद केली, तर दहा मिनिटांत पुन्हा सुरू. चोरानं आत नवा युजर करून त्याच्या अ‍ॅक्सेस की, म्हणजे पासवर्डाशिवाय आत शिरायच्या किल्ल्या, काढून ठेवल्या होत्या. आपला पासवर्ड बदलून त्या मरत नाहीत. आधी तो युजर उडवा, मग एकेक रीजन उघडून मशिनं.

कंपनीचं म्हणणं, डेटा सेंटर आणि यंत्रं सांभाळणं आमचं. पासवर्ड, युजर, परवानग्या तुमच्या. मी तावातावानं भांडलो. मग करार वाचला, तसंच लिहिलं होतं.

ऑर्डरींचा बॅकअपही त्याच खात्यात होता, चोराला नको होता म्हणून वाचला. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीचा डेटा आणि बॅकअप असाच आत शिरलेल्यानं पुसला, कंपनी बंद पडली. आमचा बॅकअप आता वेगळ्या खात्यात असतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विनवण्या करून बरंच बिल माफ झालं, ६८ हजार भरावे लागले. बाबांना हे सगळं तासभर समजावलं. ते म्हणाले, "ते ठीक, पण त्या टोकियोच्या मशिनांचं लाइटबिल कोण भरतं?"