लोकर ठेवायची कशात: दिवाणातले डबे की दारामागच्या पिशव्या?

मुंबईत लोकर लागतेच कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिलेलं नाही. नात्यागोत्यात कुणाला दिवस गेले की ज्यांच्याकडे टोपड्या-मोज्यांची मागणी येते, नाशिकच्या नणंदेला दर दिवाळीनंतर बिनबाह्यांचा स्वेटर हवा असतो, आणि दादरच्या दुकानात 'हा रंग परत यायचा नाही' एवढं कानावर पडलं तरी ज्यांचा हात पर्सकडे जातो, त्यांच्यासाठी आहे. अशा घरात लोकर एका कप्प्यात राहत नाही. आधी साड्यांच्या शेजारी बसते, मग साड्यांच्या मागे, आणि मग साड्यांच्या जागी.

त्यानंतर दोनच वाटा दिसतात. एक म्हणजे घट्ट झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे आणायचे, लोकर जाडीप्रमाणे आणि रंगाप्रमाणे लावायची आणि डबे दिवाणात सरकवायचे. दुसरी म्हणजे सुती पिशव्या शिवायच्या, एका पिशवीत एकच काम ठेवायचं (त्याची लोकर, त्याच्या सुया, त्याचा नमुना) आणि त्या दारामागे किंवा कपाटात टांगायच्या. दोन्हींचा संसार मी केलाय. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्याही मिळतात, पण त्यांतून बाहेर काढलेली लोकर पापडासारखी दिसते आणि तिला पुन्हा फुलायला वेळ लागतो. रजयांसाठी त्या ठीक आहेत, पुढे जाऊ.

डब्यांची बाजू आधी मांडते, कारण ती लंगडी नाही. आतलं न उघडता दिसतं. पाल, झुरळ, उंदीर यांची भीती नाही. इमारतीची दुरुस्ती निघाली आणि महिनोन्‌महिने सिमेंटची धूळ घरात आली, तरी लोकर स्वच्छ राहते. तळमजल्यावर, सखल भागात राहणाऱ्यांनी तर फार विचार करूच नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना सुती पिशव्यांचं कौतुक सांगायला मी जाणार नाही.

पण ओलीच्या बाबतीत डब्यांवर आपण जरा जास्तच विश्वास टाकतो. झाकण घट्ट असलं की बाहेरची ओल बाहेर राहते, हे खरं. आतलीचं काय? अस्सल लोकर हाताला कोरडी लागत असतानाही स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी ओल धरून ठेवू शकते. नेहमीच्या हवेतसुद्धा किलोभर लोकरीत सव्वाशे-दीडशे ग्रॅम पाणी असतंच. सुतात त्याच्या निम्मं असतं, आणि अ‍ॅक्रिलिकच्या कृत्रिम धाग्यात नावापुरतं. म्हणजे ऑगस्टमध्ये आणलेली लोकर ऑगस्टमध्येच डब्यात घालून झाकण लावलं, की आपण ऑगस्टच आत कोंडला. दिवाळीला झाकण उघडलं की तो कुबट वास येतो. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून डब्यात टाकणाऱ्या मैत्रिणी मला आहेत. पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड-दोन ग्रॅम पाणी शोषणार, तिच्याकडून काय अपेक्षा करायची! डबे भरायचेच असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत भरावेत, लोकर एक-दोन दिवस पंख्याखाली पसरून. उन्हात नको, रंग उतरतात.

कसरीचंही थोडं तसंच आहे. लोकर खाते ती एका बारक्या, पिवळट पतंगाची अळी, स्वतः पतंग काही खात नाही. तिला लोकरीतलं केराटिन लागतं, अ‍ॅक्रिलिक तिला पचत नाही. दुकानांत मिळणारी बरीचशी लोकर अ‍ॅक्रिलिकच असल्यामुळे निम्म्या लोकांना हा प्रश्न येतच नाही. ज्यांच्याकडे मेरिनो, पश्मिना किंवा हिमाचलहून कुणी आणून दिलेल्या हातकताईच्या लडी आहेत, त्यांनी मात्र सावध राहावं. या अळीला अंधार लागतो आणि कुणी हात न लावलेली जागा लागते. बंद डबा बाहेरच्या पतंगाला आत येऊ देत नाही, पण एखाद्या लडीतून अंडी आधीच आत आली असतील तर पुढचं सगळं निवांत चालतं. म्हणून अस्सल लोकर घरात आली की मी ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवते. फ्रीझर उणे १८ पर्यंत जाणारा हवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं. मटारांच्या शेजारी लोकर बघून घरचे काय म्हणतात, ते इथे नको.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. बाळासाठी विणत असाल तर डब्यात नकोत आणि पिशवीतही नकोत. त्यांत नॅफ्थॅलिन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा तान्ह्या बाळाला त्या वासाच्या कपड्यांमुळेसुद्धा तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. कुठल्या बाळाला हा त्रास आहे हे आपल्याला आधी कळत नसतं. वेखंडाचे तुकडे, कडुलिंबाचा वाळलेला पाला, लवंगा यांचा उपयोग किती होतो याची खात्री मी देत नाही, वास तेवढा बरा येतो. लोकर अधूनमधून हलवणं आणि झटकणं हाच मला त्यातल्या त्यात खरा उपाय वाटतो.

तर ओल आणि कसर यांत डबे थोडे पुढे आहेत, पण लोक समजतात तेवढे नाहीत. माझा निर्णय मात्र यांपैकी कशानेच झाला नाही. तो झाला दिवाणामुळे.

मुंबईच्या घरात दिवाण रिकामा असतो कधी, हे मला कुणीतरी सांगावं. सकाळी त्यावर सासरे पेपर घेऊन असतात. दुपारी तेच पेपर तोंडावर घेऊन असतात. संध्याकाळी मुलगा लॅपटॉप मांडून बसतो, रात्री आला-गेला. मला विणायला वेळ मिळतो तो जेवणं आवरल्यावर, आणि नेमका तेव्हा कुणीतरी गादीवर पाय पसरलेले असतात. त्यांना उठवायचं, तक्के खाली, चादर खाली, गादी दुमडायची, फळी एका हाताने तोलून धरायची आणि दुसऱ्या हाताने डबा ओढायचा. हवा तो डबा खालचाच असतो. एवढं सगळं कशासाठी, तर डाव्या बाहीला लागणाऱ्या एका गुंड्यासाठी. मग 'राहू दे, उद्या बघू' होतं. गंमत म्हणजे उद्या दिवाण उघडण्यापेक्षा स्टेशनवरून येताना नवा गुंडा घेऊन येणं सोपं पडतं. तो नव्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला, निघतो आणि उजव्या बाहीशी जुळत नाही. मग त्या नव्या गुंड्यासाठी काहीतरी नवीन काम काढायचं. लोकर वाढते ती हौसेने, असं घरचे म्हणतात. माझ्या मते निम्मी तरी दिवाणाच्या फळीने वाढते. डब्यांत लोकर सुरक्षित होती यात वाद नाही, माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित होती.

दुसरं म्हणजे डब्यात लोकर रंगाने लावलेली असते, पण काम रंगाने होत नाही. गुलाबी डब्यातून लोकर, भरणीतून सुया, फायलीतून नमुना, आणि लॉट नंबरची पट्टी देव जाणे कुठून, अशी जमवाजमव प्रत्येक वेळी. पिशवीत हे सगळं एकत्र असतं. दारामागची पिशवी खुंटीवरून काढली की मी कुठेही बसू शकते. स्वेटरची पाठ कुठपर्यंत आली, टाके किती ओळींनी कमी करायचे, ते आतल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. लोकलला बसायला मिळण्याची खात्री असेल तर तीच पिशवी खांद्याला. शिवाय पिशव्या रोज हाताळल्या जातात, हलतात, त्यांना हवा लागते. कसरीला नको असते ती नेमकी हीच वर्दळ.

पिशवीतून आतलं दिसत नाही, ही तक्रार रास्त आहे. मी नाडीला आतल्या लोकरीचा वीतभर तुकडा गाठ मारून ठेवते. दारामागे बघितलं की कुठल्या पिशवीत कोणता रंग ते कळतं. तुकड्यालाच जाड कागदाची चिठ्ठी अडकवते: लॉट नंबर, किती ग्रॅम उरली, सुयांचा नंबर. ज्यांना फोनवर नोंदी ठेवायला आवडतात त्यांच्यासाठी रॅव्हलरी ही विणणाऱ्यांची वेबसाइट आहे, २००७ पासून. तिथे आपल्या साठ्याची फोटोसकट यादी करता येते आणि उरलेल्या लोकरीत काय बसेल ते शोधताही येतं. शोधायला मी ती वापरते. नोंदी ठेवायला नाही, कारण गुंडा वापरल्यावर यादीतून वजा करायची आठवण मला राहत नाही. चिठ्ठी हातातच येते, ती खोडली जाते.

पिशव्यांनी एक नवा त्रासही दिला, तो लपवत नाही. पिशव्या सुया गिळतात. दहा नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुया बाळाच्या सगळ्या कामांना लागतात, आणि त्या तीन अर्धवट कामांत अडकून पडल्या की चौथं सुरू करायला हातात काही राहत नाही. यावर दोन उपाय आहेत. बाजूला पडलेल्या कामाचे टाके वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यावर उतरवून सुया मोकळ्या करायच्या. किंवा टोकं बदलता येणाऱ्या गोल सुया घ्यायच्या, म्हणजे दोन टोकं लवचीक तारेने जोडलेल्या. त्यांची टोकं काढून तारेला बूच लावलं की टाके जागेवर राहतात. दुसरा उपाय खर्चिक आहे, पण सोयीचा.

दारामागे जेवढ्या खुंट्या तेवढीच कामं, हा नियम मी ठरवून केला नव्हता, जागेनेच तो लावला. खुंटी रिकामी नसेल तर नवे टाके घालायचे नाहीत. डब्यांना अशी मर्यादा नसते, त्यांच्यावर आणखी एक डबा चढतो.

तरीही सगळ्यांनी पिशव्याच घ्याव्यात असं मी म्हणणार नाही. तळमजला असेल, घरात मांजर असेल, किंवा तुम्ही वर्षातून एकच मोठं काम करत असाल आणि बाकीची लोकर नुसती जपायची असेल, तर डबे बरे. दिवाण ऐवजी उघडं फडताळ असेल तर माझी निम्मी तक्रार आपोआप गळून पडते. माझ्याकडेही एक डबा अजून आहे. त्यात कुठल्याच कामाला न नेमलेल्या अस्सल लोकरीच्या लडी आहेत, गुंडे न करता ठेवलेल्या, कारण घट्ट गुंडाळलेली लोकर फार दिवस ताणून राहिली की तिचा लवचीकपणा जातो. तो डबा माळ्यावर असतो आणि वर्षातून एकदा, थंडीच्या कोरड्या दिवसांत खाली येतो. बाकी सगळं, म्हणजे ज्याला हात लागायला हवा ते, पिशव्यांत.

पिशव्या शिवायच्या ठरवल्यात तर जुनी सुती साडी किंवा पंचा उत्तम. साड्यांच्या दुकानातून मिळणाऱ्या त्या कागदी दिसणाऱ्या पिशव्या नकोत, काही महिन्यांत त्यांचा भुगा होतो आणि तो लोकरीत बसतो. साधारण चौदा इंच रुंद, सोळा इंच उंच एवढी पिशवी बाळाच्या पूर्ण संचाला पुरते, मोठ्यांच्या स्वेटरला याहून मोठी लागते. चेन लावू नका, लोकर तिच्या दातांत अडकते. नाडीच बरी. आतल्या शिवणी दुमडून दुहेरी घ्या, म्हणजे सुटे दोरे कामात गुंतत नाहीत. आणि कापड नवं असेल तर शिवण्याआधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा. कागद आणि खळ खाणारी चंदेरी कसर वेगळी असते, आणि तिला अ‍ॅक्रिलिकचं काही पडलेलं नसतं, तिला पिशवीच हवी असते.