सिम रेसिंग : कन्सोल की पीसी, त्याआधी व्हील कोणते?

सिम रेसिंगसाठी, म्हणजे खऱ्या गाडीसारख्या वागणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये स्टिअरिंग आणि पेडल लावून शर्यत करण्यासाठी, कन्सोल घ्यावा की पीसी, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा ग्राफिक्सपाशीच अडकते. मी काही वर्षे कन्सोलवर आणि त्यानंतर पीसीवर शर्यती केल्या आहेत, आणि माझ्या मते खरी गोम पडद्यावर नसून हातातल्या स्टिअरिंग व्हीलमध्ये आहे. कन्सोल आज ना उद्या बदलला जातो, पीसीचे ग्राफिक्स कार्डही जुने होते. चांगले व्हील मात्र दहा वर्षे सहज साथ देते, आणि ते कुठे चालेल हे विकत घेतानाच ठरून गेलेले असते.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स हे दोन्ही कन्सोल आपापल्या मान्यतेची व्हील तेवढीच ओळखतात. लॉजिटेक कंपनीचे जी२९ हे व्हील प्लेस्टेशनवर चालते पण एक्सबॉक्सवर चालत नाही, जी९२०चे नेमके उलटे आहे, आणि पीसीवर मात्र दोन्ही निमूट चालतात. फॅनाटेक कंपनीच्या व्हीलमध्ये तर एक्सबॉक्सची मान्यता हातात धरायच्या चाकात असते आणि प्लेस्टेशनची मान्यता मोटर असलेल्या बेसमध्ये, त्यामुळे नुसते चाक बदलून एका कन्सोलवरून दुसऱ्यावर जाता येईलच असे नाही. पुढे हौस वाढली की ही बंधने अधिकच जाचतात. पीसीवर एका कंपनीची पेडल, दुसऱ्या कंपनीचा शिफ्टर (गिअरचा दांडा) आणि तिसऱ्या कंपनीचा हँडब्रेक वेगवेगळ्या यूएसबी पोर्टना जोडून एकत्र वापरता येतात. कन्सोलवर हे सारे साधारणपणे बेसमधूनच जावे लागते, म्हणजे एकदा जी कंपनी निवडली तिच्याशीच संसार.

मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो ब्रेकमध्ये. साध्या पेडलमध्ये पाय किती खाली गेला हे मोजले जाते, तर लोड सेल (दाब मोजणारा सेन्सर) असलेल्या पेडलमध्ये पायाने किती जोर दिला हे मोजले जाते, आणि शरीराला अंतरापेक्षा जोर अधिक नेमका लक्षात राहतो. बेल्जियममधल्या स्पा सर्किटवर केमेल स्ट्रेट हा लांब सरळ रस्ता संपताना ले कोम्ब या वळणासाठी जो ब्रेक मारावा लागतो, तो साध्या पेडलवर मला कधी जमे, कधी गाडीची चाके लॉक होत, म्हणजे फिरायचीच थांबत; लोड सेल आल्यावर थोड्याच दिवसांत तो पायात बसला. अशी पेडल कन्सोललाही लाभतात, पण निवड मोजकी असते.

तरीही कन्सोलला खेळणे समजण्याची चूक करू नये. प्लेस्टेशनवरच्या ग्रॅन टुरिस्मो या खेळातून खऱ्या शर्यतींसाठी चालक निवडणाऱ्या जीटी अकॅडमी स्पर्धेचा २००८ मधला पहिला विजेता लुकास ओर्दोन्येझ २०११ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी२ या दुसऱ्या श्रेणीच्या रेसिंग गाड्यांच्या गटात दुसऱ्या क्रमांकाच्या संघात होता. ग्रॅन टुरिस्मो ७ आजही फक्त प्लेस्टेशनवर आहे आणि पीएस व्हीआर२ हा डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट लावून तो खेळताना आरशात मागची गाडी पाहण्यासाठी मान आपोआप वळते. बसावे, बटण दाबावे आणि गाडी चालवावी, हे सुख पीसी देत नाही. ऑनलाइन शर्यतीच्या ग्रीडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, उभा असताना एकदा माझी पेडल अचानक मेली. पीसीच्या ऊर्जाबचतीच्या सेटिंगने तो यूएसबी पोर्टच झोपवला होता, आणि हे शोधण्यात आख्खी संध्याकाळ गेली. (अर्थात, व्हीलचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अपडेट करायचे झाले की अनेक कन्सोलवाल्यांनाही कोणाचा तरी पीसी उसना आणावा लागतो.)

पीसीची बाजू जड होते ती खेळांमुळे. २००८ पासून चालत आलेले आयरेसिंग हे ऑनलाइन शर्यतींचे सिम फक्त पीसीवर आहे, आणि वर्गणी भरूनही बऱ्याच गाड्या व ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागत असले तरी तिथली शिस्तबद्ध शर्यत मला इतरत्र मिळाली नाही. आसेटो कोर्सा हा दुसरा खेळ कन्सोलवरही आला, पण हौशी लोकांनी बनवलेले असंख्य ट्रॅक आणि गाड्या केवळ पीसीवरच चालतात. तीन मॉनिटर लावून शेजारची गाडी बाजूच्या खिडकीतून पाहायची असेल, तरी वाट पीसीचीच धरावी लागते.

म्हणून आठवड्यातून दोन-तीन तास गाडी चालवणाऱ्याने खुशाल कन्सोल घ्यावा, पण व्हील पीसीवरही चालणारे आहे याची खात्री करून घ्यावी; लीगमध्ये उतरण्याचा विचार पक्का असेल त्याने मधला टप्पा गाळून थेट पीसी घेतलेला बरा. व्हील जुने घेत असाल तर नुसत्या नावावर विसंबू नका. जी९२३ या एकाच नावाने दोन वेगळी व्हील विकली जातात आणि लांबून ती सारखीच दिसतात. चाकावरच्या बटणांवर त्रिकोण आणि चौकोन असतील तर ते प्लेस्टेशनचे, ए, बी, एक्स, वाय असतील तर एक्सबॉक्सचे.