ए मोड की एस मोड?

निकॉन कॅमेऱ्याचा ए मोड म्हणजे कॅननचा एव्ही (Av), एस म्हणजे तिकडचा टीव्ही (Tv). ए-मध्ये अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र किती मोठं) आपण ठरवायचं, शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येईल) कॅमेरा सांभाळतो, एस-मध्ये उलट.

लग्नात मी ए-वरच असतो. एफ 2.8, म्हणजे छिद्र मोठं, ठेवलं की मागची गर्दी छान धूसर होते. पण अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, तेव्हाच शटर 1/60 सेकंदावर घसरलेलं असतं आणि सगळे हात पुसट! भिगवणच्या उडत्या फ्लेमिंगोंना मात्र एस, 1/2000.

खरी गंमत डायलची. दोन डायलच्या निकॉनमध्ये, दोन्ही मोडमध्ये बोटाने फिरवायची एक डायल रिकामी राहते. सेटिंगमध्ये 'ईझी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' चालू केलं, की तीच फिरवून फोटो उजळ-गडद होतो. पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा फोटोत गडद येतात, म्हणून ते आले की +0.7, म्हणजे थोडं उजळ. बटण दाबून धरायची कटकट नाही.