नवा सर्व्हर की क्लाउड? अंबडचा कारखाना आणि पिंपळगावचं पॅकहाउस

ऑफिसातला सर्व्हर म्हातारा झालाय आणि शेठना प्रस्ताव द्यायचाय, अशा वेळी बहुतेक जण एका बाजूला नव्या सर्व्हरचं कोटेशन ठेवतात आणि दुसऱ्या बाजूला क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरचं, महिन्याचं बिल. या मांडणीत सर्व्हर नेहमीच स्वस्त दिसतो, कारण त्याचा निम्मा खर्च कोटेशनमध्ये नसतोच.

तो आधी कागदावर आणा. यूपीएससकट ४०० वॉट घेणारा सर्व्हर चोवीस तास चालला तर वर्षाला साधारण ३,५०० युनिट वीज खातो, एसीची वेगळी. यूपीएसच्या बॅटऱ्या, लायसन्स, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), बॅकअपची डिस्क आणि डिस्क गेल्यावर बंद पडलेलं डिस्पॅच हेही धरा. विंडोज सर्व्हर २०१६ चा सपोर्ट जानेवारी २०२७ मध्ये संपतो. तुमच्याकडे तो असेल तर हा निर्णय फार लांबवता येणार नाही.

क्लाउडचा हिशोबही तितक्याच कडकपणे करा. भाडं तासावर असतं. मशीन बंद ठेवलं तर प्रोसेसरचं भाडं थांबतं, पण डिस्कचं चालूच राहतं. डेटा बाहेर काढायलाही पैसे पडतात. कित्येक ठिकाणी दर डॉलरवर ठरतात, म्हणजे रुपया घसरला की बिल वाढतं.

आता दोन धंदे शेजारी ठेवून बघू. नाशिकच्या अंबडमधलं मशिनिंगचं युनिट वर्षभर एकाच लयीत चालतं, तीन शिफ्ट. सर्व्हर कधी रिकामा नसतो, त्यामुळे तासाच्या भाड्याचा फायदा जवळपास शून्य. एक आणि तीन वर्षांच्या करारावर सूट मिळते, पण मोठी अडचण ड्रॉइंगची. २ जीबीची कॅड फाइल ५० एमबीपीएसच्या लाइनवर वर चढवायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. ऑफिसच्या गिगाबिट नेटवर्कवर तीच वीस सेकंदांच्या आसपास येते. डिझाइनरचा वेळ असा जाणार असेल तर ड्रॉइंगचा सर्व्हर जागेवरच ठेवा, असंच मी सांगेन.

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष निर्यातदाराचं चित्र उलटं. जानेवारी ते एप्रिल पॅकहाउसला उसंत नसते. प्लॉटची नोंद, कंटेनर, कागदपत्रं सगळं एकदम येतं. पावसाळ्यात तोच सर्व्हर नुसता गरम होत पडून असतो. हंगामात मोठं मशीन भाड्यानं घ्यायचं, एरवी लहान चालवायचं, हा क्लाउडचा खरा फायदा. ऑफ सीझनला रोज दहा तास, महिन्याला २६ दिवस चालवलं तर ७३० तासांऐवजी २६० तासांचंच भाडं पडतं. इथे मी बिनदिक्कत क्लाउड म्हणेन.

सीएंना दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. सर्व्हर भांडवली खर्चात जातो आणि आयकरात त्यावर घटत्या किमतीवर ४० टक्के घसारा मिळतो. क्लाउडचं बिल त्याच वर्षीच्या खर्चात पडतं. जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे दोन्हीकडे मिळतं, त्यामुळे त्यावर वाद घालत बसू नका. दुसरं, प्रायव्हेट लिमिटेड असाल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. मुंबई, पुण्यात मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर्स आहेत. करार करताना ठिकाण लिहून घ्या.

'९९.९ टक्के चालू' हे आश्वासन ऐकायला भक्कम वाटतं, पण त्यातही वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा असते. शिवाय तुमची फायबर लाइन तुटली तर ते त्यात मोजत नाहीत. दुसऱ्या कंपनीची पर्यायी लाइन दोन्ही धंद्यांच्या क्लाउडच्या खर्चात धराच.

अंबडच्या युनिटनंही एक गोष्ट मात्र आजच क्लाउडवर न्यावी: बॅकअप. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी नाशिक शहरात शिरलं होतं. सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एकाच खोलीत असला तर पाणी, आग, चोरी, काहीही झालं तरी दोन्ही बरोबरच जातात. बॅकअपचा खर्च पूर्ण स्थलांतराच्या मानानं किरकोळ आहे, त्यामुळे शेठकडून त्याला मंजुरी लवकर मिळते. चढवल्यावर एका रविवारी तो दुसऱ्या मशीनवर उतरवून टॅली उघडते का, ते बघा. तो निकाल आणि लागलेला वेळ प्रस्तावाला जोडा.