सीडीएन की आपलाच सर्व्हर?
दादरच्या एका साडीच्या दुकानाची वेबसाइट करताना हाच वाद झाला: जावास्क्रिप्टची लायब्ररी (तयार कोडची फाइल) परक्या सीडीएनवरून, म्हणजे अनेक साइट्सना फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावरून ओढायची की आपल्याच सर्व्हरवर ठेवायची? सीडीएनवाले म्हणतात, दुसऱ्या साइट्समुळे गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ती आधीच असते. असायची! क्रोमने २०२० मध्ये कॅशे (ब्राउझर जपून ठेवतो त्या फाइलींचा साठा) साइटनिहाय वेगळी केली, तो फायदा संपला. उरला धोका. २०२४ मध्ये जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी देणारी स्क्रिप्ट पुरवणाऱ्या पॉलिफिल डॉट आयओचा मालक बदलला आणि जूनमध्ये तिथून घातक कोड येऊ लागला. लाखाहून अधिक साइट्सवर ती स्क्रिप्ट होती. 'इंटिग्रिटी' हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) लावला तर बदललेली फाइल ब्राउझर नाकारतो, पण पॉलिफिल ब्राउझरागणिक वेगळी फाइल द्यायचं. मग हॅश लावणार कोणत्या फाइलला? स्वतःकडे ठेवलं की अपडेटची कटकट आपली. मी तीच पत्करली. पेमेंट गेटवेची स्क्रिप्ट मात्र त्यांच्याकडूनच घेतली.