डेसिबल मीटर घेतलं आणि दोन्ही पार्ट्या माझ्याच दारात

हे साउंड लेव्हल मीटर ऑनलाइन अडीच हजाराच्या आसपास मिळतं, मी घेतलं ते आमच्या गोव्यातल्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या पठारावर, रेसिंग ट्रॅक आणायचं चाललंय म्हणून. ट्रायलच्या नावाखाली शनिवार-रविवार कार्ट (छोट्या रेसिंग गाड्या) आणि डर्टबाइक पळवतात आणि सोमवारी गावात भांडण. एक पार्टी म्हणते पोरांना इथेच काम मिळेल, दुसरी म्हणते आमदाराची माणसं जमिनी विकून मोकळी होणार नि आवाज आमच्या कानात राहणार. ग्रामसभेत एकाचा आकडा ७०, दुसऱ्याचा ११०, दोघांनीही मोबाइलवरच्या फुकट ॲपवर काढलेला. म्हटलं निदान यंत्र तरी बरं आणूया.

वस्तू हातात छान बसते. वर काळ्या स्पंजचा गोळा, मागे ट्रायपॉडला लावायचं भोक, आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, जी सोबत आली ती एकदम फुसकी, म्हापशातून दुसरी आणली. उन्हात स्क्रीन दिसत नाही, हाताची सावली धरून वाचावं लागतं. स्पंज मात्र काढू नका, सड्यावर नुसता वाराच ७५ दाखवतो. मोजताना बटण ‘ए’ वर ठेवा, ‘सी’ वर ठेवलंत तर जड आवाज जास्त धरतो आणि आकडा उगाच फुगतो.

आता खरी गंमत. यात ‘मॅक्स’ नावाचं बटण आहे, ते दाबलं की सगळ्यात मोठा आकडा तसाच चिकटून राहतो. विरोधातला पंच आला, ते दाबून कुंपणाला उभा राहिला, बाइक समोरून गेली, १०१! फोटो लगेच ग्रुपवर. मग माझा चुलतभाऊ आला, तो ट्रॅकवाल्यांच्या बाजूचा, तो काजूच्या झाडाखाली लांब उभा राहिला आणि दोन गाड्यांच्या मधला फोटो काढून गेला, ५८. मीटर तेच, दुपार तीच, खोटं कोणीच बोलत नाही.

नियमात काय आहे तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५, पण ही सरासरी आहे, एका क्षणाचा आकडा नव्हे, आणि ही सरासरी हे स्वस्तातलं मीटर काढतच नाही. या मीटरची मोठी खोट हीच, आणि वर्णनात कुठेही लिहिलेली नाही. शिवाय तक्रार करायची तर त्याच नियमांत दिवसा मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त हवेत, म्हणजे वस्तीत ६५. मधल्या ५५ ते ६५ मध्ये राहणाऱ्या माणसाने काय करायचं ते दोन्ही पार्ट्यांपैकी कोणी सांगत नाही.

चुलतभावाचा आवडता मुद्दा म्हणजे कॅलिफोर्नियातला लगुना सेका ट्रॅक. “अरे तिथे ९२ चालतं, मग इथे ५५ कशाला?” पण ते ९२ मोजतात ट्रॅकपासून ५० फुटांवर, आणि आपलं ५५ लोकांच्या घराजवळचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे १५ मीटरवर ९२ असेल तर अर्ध्या किलोमीटरवर ६२ च्या आसपास. गाडी जातानाचा आकडा तो, सरासरी नव्हे, पण आमच्या ५५ च्या वरच की! आणि हा ट्रॅक तिथल्या काउंटीच्याच (म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या) मालकीचा असून २०२३ मध्ये शेजारच्या लोकांनी काउंटीवरच केस टाकली. तिथले गाडीवाले तर त्याहून हुशार, ट्रॅकच्या कडेला आवाज मोजायची खोली असते, सायलेन्सरचं तोंड तिच्या उलट बाजूला वळवून घेतात.

मला विचाराल तर आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही, दिवसांवर भांडा. इंग्लंडमधल्या क्रॉफ्ट ट्रॅकच्या बाबतीत २००९ मध्ये कोर्टाने जास्त आवाजाचे दिवस वर्षाला ४० वर आणून ठेवले. दिवस मोजायला मीटर लागत नाही, आजीसुद्धा कालनिर्णयवर फुल्ली मारेल. हे मी ग्रामसभेत बोललो तर दोन्हीकडचे एकदम गप्प, आणि मग दोन्हीकडून “तू कोणाचा रे?” आता काय सांगणार!

घरात चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट हे मातीचं वाद्य वाजवत आरती चालू असताना सहज लावून बघितलं, १०० पार. काका म्हणाले बंद कर ते आधी.

कोणी घ्यावं? जनरेटर, मिक्सर, शेजाऱ्याचा साउंड बॉक्स यांचा अंदाज घ्यायला उत्तम. तक्रारीला जोडायला घेत असाल तर घेऊ नका, तिथे कॅलिब्रेट केलेलं (अचूकता तपासून घेतलेलं) यंत्र आणि अधिकाऱ्याने स्वतः घेतलेलं रीडिंगच टिकतं. पैसे थोडे जास्त घालून ‘एलईक्यू’ (म्हणजे तीच सरासरी) लिहिलेलं, रेकॉर्डिंग होणारं मॉडेल बघा. माझ्याकडून पाचात तीन स्टार, एक सरासरीसाठी कापला, एक बॅटरी आणि स्क्रीनसाठी. आणि गावात कोणाला उसनं देणार असाल तर ‘मॅक्स’ बटणावर सेलोटेप लावून द्या.