नागपुरात राहून गोंडी शिकायची तर कोणतं साहित्य घ्यावं

गोंडीचं पुस्तक घेण्याआधी गाव ठरवा. रामटेक-पारशिवनीकडून वर सिवनी-छिंदवाड्याला बोलायचं आहे, राजुरा-जिवतीकडून आदिलाबादला, की भामरागड-एटापल्लीच्या माडियांशी? 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणाऱ्यांची संख्या जवळपास 30 लाख आहे, पण त्यांचा मुलूख चार-पाच राज्यांत पसरलेला. ‘मीठ’ हा साधा शब्द घ्या. उत्तर-पश्चिमेच्या बोलींत ते सोवर, बस्तरच्या बाजूला होवर आणि माडियाकडे तो ह सुद्धा गळून ओवर. पुस्तकावर नुसतं ‘गोंडी शिका’ छापलंय आणि कुठली गोंडी ते आत कुठेच नाही, तर ते ठेवून द्या. इंटरनेटवर शोधताना भाषेचे कोड कामी येतात: उत्तरेकडची गोंडी जीएनओ, आदिलाबादची डब्ल्यूएसजी, अहेरीची ईएसजी, माडियाची एमआरआर.

नवशिक्यासाठी सगळ्यांत कामाचं साहित्य फुकट आहे, आणि ते म्हणजे प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोंडी गोष्टी. त्या देवनागरीत आहेत, पीडीएफ उतरवून घेता येतात, आणि तीच गोष्ट बहुतेक वेळा मराठीत किंवा हिंदीतही सापडते. पहिल्या पातळीची गोष्ट घ्यावी, पानावर एखाद-दुसरं वाक्य असलेली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून आधी क्रियापद शोधा. ते मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी असतं. मग त्याची शेपटी बघा. घोटाळा होतो तो तिथे. गोंडीत ओर किंवा वोर म्हणजे ‘तो’, आणि अद म्हणजे ‘ती’ सुद्धा आणि ‘ते’ सुद्धा. पुरुष एका बाजूला. बायका, जनावरं, वस्तू सगळ्या दुसऱ्या बाजूला. क्रियापदही त्याच वाटणीने चालतं. मराठीची तीन लिंगं डोक्यात ठेवून वाचणारा ‘ती’साठी वेगळा प्रत्यय शोधत बसतो आणि शेवटी पुस्तकच चुकीचं आहे असं ठरवतो.

एकच उणीव, पण मोठी: या गोष्टी अनुवादित आहेत. वाक्यं हिंदीच्या वळणाची असू शकतात. म्हणून जोडीला खऱ्या माणसांचा आवाज हवाच, आणि तो सीजीनेट स्वरावर मिळतो. 2010 पासून चाललेल्या या उपक्रमात लोक फोनवरून आपल्या भाषेत बातम्या, तक्रारी, गाणी नोंदवतात. निवेदनं छोटी असतात, विषय रोजचे: हातपंप, रेशन, मजुरी. गाण्यांपेक्षा ही निवेदनं घ्यावीत, कारण गाण्यात स्वर ताणले जातात. एक निवेदन उतरवून घ्या, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या संगणक-प्रोग्राममध्ये वाक्यावाक्याने तोडा आणि प्रत्येक तुकडा ऐकून देवनागरीत लिहून काढा. लिहिताना ए आणि ओ यांच्यापुढे ऱ्हस्व-दीर्घाची खूण स्वतःच करा, देवनागरी ती दाखवत नाही. सोबत बोलणाऱ्याचा जिल्हाही नोंदवा. त्याच मंडळींचं आदिवासी रेडिओ हे ॲप मजकूर वाचून दाखवतं, पण तो आवाज मशीनचा आहे. अर्थ पकडायला चालेल, उच्चार बसवायला नाही.

व्याकरणाचं म्हणाल तर पहिलं नाव चेनेविक्स ट्रेंच यांचं. बैतूल जिल्ह्याच्या गोंडीवरचे त्यांचे दोन भाग, 1919 आणि 1921 चे. पहिल्यात व्याकरण, दुसऱ्यात शब्दसंग्रह, लोककथा आणि गाणी. सिवनी-छिंदवाड्याची बोली हवी असेल तर आजही हे टाळता येत नाही. इंग्रजी जुन्या साहेबी थाटाची आणि लेखन रोमन लिपीत, तेव्हा स्वरांवरच्या आडव्या रेघा, म्हणजे दीर्घ स्वराच्या खुणा, नीट पाहाव्यात. कथा असलेला दुसरा भाग आधी उघडावा आणि अडलं की पहिल्यात जावं. उलट क्रमाने गेलेले वाचक क्रियापदांच्या तक्त्यांतच अडकतात. पी. एस. सुब्रह्मण्यम यांचं 1968 चं अन्नामलाई विद्यापीठाचं वर्णनात्मक व्याकरण भाषाशास्त्र येणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी त्यावर पैसे घालू नयेत.

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड (1906) मात्र जरूर उतरवून घ्या. वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या बोलींत उधळ्या मुलाची तीच बायबलमधली कथा दिलेली आहे. दोन जिल्ह्यांचे नमुने ओळीओळीने ताडले की फरक आपोआप दिसू लागतात. नागपूरचेच मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या 1866 साली छापलेल्या कागदपत्रांत गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गोंडी गीत आहे. इतिहास म्हणून मोलाचं, अभ्यासासाठी शेवटी.

कोशांत 2018 चा प्रमाण गोंडी कोश सुमारे 3 हजार शब्दांचा. अनेक राज्यांच्या बोलकांनी बसून ठरवलेले शब्द, त्यामुळे काम मोठं, पण तुमच्या गावचा माणूस त्यातला एखादा शब्द ओळखणार नाही, याची तयारी ठेवा. खात्री करायला बरो-एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश (दुसरी आवृत्ती 1984) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. गोंडीच्या नोंदीत कंसातली अक्षरं पाहा: टीआर म्हणजे ट्रेंच, सीएच छिंदवाडा, वाय यवतमाळ, ए आदिलाबाद. बोलीनिहाय शब्द एवढ्या पटकन दुसरीकडे सापडत नाही. सिरोंचाकडच्या, तेलुगू येणाऱ्या वाचकाला इथे मजा येईल. दोन, तीन, चार हे आकडे गोंडीत आणि तेलुगूत असे: रंड-रेंडु, मूंड-मूडु, नालुंग-नालुगु.

राहिली लिपी. सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि महिनाभर मुळाक्षरं गिरवून एक वाक्य बोलता येत नाही. शिवाय लिप्या दोन. बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली एक, आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली दुसरी. अक्षरांचं वळण वेगळं, संगणकावरचे संकेतही वेगळे: मसराम लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संगणक-संकेतांत, 2017 साली आली, गुंजाला 2018 साली. एकीचा मजकूर दुसरीच्या फाँटात उघडला की नुसते चौकोन दिसतात. दोन्हींसाठी गुगलचे नोटो फाँट फुकट आहेत. तक्ता विकत घेताना ही कोणती लिपी ते विचारा, आणि पीडीएफ घेताना एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. देवनागरीची किंवा इंग्रजीची निरर्थक अक्षरं उमटली तर तो युनिकोड मजकूर नव्हे. त्यातून शब्द शोधताही येणार नाहीत आणि शब्द पाठ करायची कार्डंही बनवता येणार नाहीत.